खमतखामणा

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विपुलनं पहिला खमतखामणा केला तो फ्लेक्सवाल्याला. तोही फोनवर. "वर्षभरात काही कमीजास्त बोललो असेन तर माफी असावी, मिच्छामि दुक्कडम्. आणि ऐक, भैयाचा फोटो मोठा घे. चेहरा स्टँडवरून दिसला पाहिजे." सगळं एका दमात. माफी आणि काम एकदमच मागायची त्याची ही रीत ओतूरच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी ती मनावर घेत नसे.

एरवी हा दिवस जैन स्थानकात जायचा. वर्षभरात ज्याला ज्याला दुखवलं त्याच्यापुढे हात जोडायचे, त्यानंही जोडायचे, आणि मग घरी येऊन उपवासाचं पारणं. यंदा सलग दुसऱ्या वर्षी स्थानकाला सरकारी कुलूप होतं. म्हणून लोक विपुलच्या कापड दुकानावरच्या घरी दोघं-दोघं करून जिना चढत होते, हनुवटीवर मास्क अडकवून माफी मागत होते आणि उतरताना नव्या निर्बंधांना शिव्या देत होते. संवत्सरीच्या दुसऱ्याच दिवशी शिव्या द्यायच्या म्हणजे कमालच, पण त्या दिवशी तेवढीच गोष्ट सगळे मनापासून करत होते.

"दोन पेशंट," हौशीराम म्हणाला. स्टँडजवळ त्याचं मिसळीचं हॉटेल, आणि व्यापारी संघाचा अध्यक्षही तोच. जैन नव्हता, पण दरवर्षी या दिवशी न चुकता यायचा. "सगळ्या तालुक्यात नव्या जातीचे दोन पेशंट. त्यातला एक तर मुंबईचा पावणा. अन् त्यांच्यापायी आख्खी पेठ पुन्ना चारला बंद, शनवार-रयवार कुलूप. अल्फा झाला, डेल्टा झाला, डेल्टा प्लस झाला. उद्या मायनस येईल, मग गुणिले येईल. आमी काय पाढे म्हणत बसायचं का राव?"

"लस घेतली तरी बंद, नाही घेतली तरी बंद," विपुल म्हणाला.

"बार चालू. पुढाऱ्याच्या पोराचं लगीन चालू. इषाणू काय फक्त मिसळ खातो अन् साड्या नेसतो? माझा साडू भीमाशंकरला बेलफुलं विकतो. दोन श्रावण कोरडे गेले त्याचे. देवाला माणूस दिसंना अन् माणसाला देव. आता गवंड्याच्या हाताखाली जातोय."

विपुलनं मोबाइलवर फ्लेक्स दाखवला. मधोमध पारसचा, त्याच्या थोरल्या भावाचा फोटो, दुकानाच्या गादीवर बसलेला, हसरा. खाली लाल अक्षरात, 'निर्बंधांनी आमचा पारसभाऊ नेला. आता आमचं पोट तरी सोडा.'

हौशीरामनं बराच वेळ पाहिलं. "लई भारी. वैनी येत्यात ना उद्या चौकात, नक्की? वर फोटो अन् फोटोखाली वैनी बसल्या की तहसीलदार सायबाची बोलती बंद. घरातला माणूस गेला ती बाई म्हणती दुकानं उघडा, मग त्यो कोण अडवणारा?"

"येतील," विपुल म्हणाला. "मी बोललोय त्यांच्याशी."

बोलला नव्हता. हर्षाभाभी, भैयाची बायको, चार महिन्यांत त्याच्याशी कामापुरतंसुद्धा धड बोलल्या नव्हत्या.

पेठेला माहीत असलेली हकीकत अशी होती. एप्रिलमध्ये सगळं कडक बंद असताना खोडदच्या रखमाजीच्या मुलीचं, वृषालीचं लग्न ठरलं. लग्नाला पंचवीस माणसं चालत होती, पण लग्नाची कापडं घ्यायला दुकान उघडं चालत नव्हतं. आता बस्ता म्हणजे काही फोनवर सांगायची गोष्ट नाही. दोन्हीकडची माणसं गादीवर बसणार, नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, रुसवेफुगवे, सगळं तिथंच. सकाळी सहाला मागच्या दारानं सतरा माणसं आत घेतली, शटर खाली. त्यात नवरीचा मामा, गेणू, सारखा खोकत होता. चौथ्या दिवशी पारसला ताप आला. तालुक्यात बेड मिळाला नाही, पुण्याला नेलं, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. दुकान उघडं असतं तर लोक दोघं-चौघं मोकळ्या हवेत आले असते, बंद खोलीत सतरा जण कोंबायची वेळ आली नसती, म्हणून हा निर्बंधांचा बळी. विपुल हे इतक्या वेळा बोलला होता की आता त्यात त्याला कुठं अडखळायला होत नव्हतं. आणि अर्धं तर खरंच होतं.

* * *

स्वयंपाकघरात रिंकू, विपुलची बायको, पारण्यासाठी मुगाचं पाणी गाळत होती. जाऊबाईंनी, म्हणजे हर्षानं, यंदा अठाई केली होती. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. ओठ पांढरे पडले होते, पण भिंतीला टेकून ती ताठ बसली होती.

रिंकूला जाऊबाईंचा लळा होता. तिच्या दोन्ही बाळंतपणात हर्षानंच रात्री काढल्या होत्या, आणि सासू गेल्यापासून या घरात तिची बाजू घेणारं हर्षाखेरीज कुणी नव्हतं. म्हणूनच हे आपल्या तोंडून सांगावं असं तिला वाटलं.

"भाभी, उद्या चौकात बसायचंय म्हणे तुम्हाला."

"कुणी ठरवलं?"

"यांनी. तहसीलदार यायचेत निवेदन घ्यायला. भैयांचा फोटो लावणार आहेत मोठा. तुम्ही फक्त बसायचं, बोलायचं काही नाही."

"काय लिहिलंय फोटोखाली?"

रिंकूनं सांगितलं. हर्षानं डोळे मिटले. मग म्हणाली, "बस्त्याच्या आधी दोन दिवस ताप होता त्यांना. तुला माहितेय."

"भाभी, हळू."

"वरच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. ताट मी दाराशी ठेवत होते. तपासणीला नमुना दिलेला होता. तुला माहितेय की नाही?"

"माहितेय."

"मग?"

रिंकूलाही ती सकाळ पाठ होती. खालून निरोप आला होता की पारसनं उतरायचं आहे. रखमाजीच्या घरच्या बस्त्यातली पहिली साडी या घरच्या थोरल्यानंच उलगडायची, हा तीन पिढ्यांचा रिवाज. रखमाजीच्या आईच्या लग्नात पारसच्या आजोबांनी उलगडली, बयाबाईच्या लग्नात सासऱ्यांनी, पोपटलालनी. त्या साडीनं संसार टिकतो अशी खोडदकरांची समजूत, आणि ही समजूत दुकानानंही जपून ठेवलेली. पारस तापाची गोळी घेऊन उतरला. पहिली पाच मिनिटं मास्क होता. पण तोंड झाकून साडीचं वर्णन करता येत नाही, गिऱ्हाईक म्हणतं काय म्हणालात, ऐकू येईना. मग मास्क खाली आला तो आलाच. खरं तर तोंडाला पट्टी बांधायची यांना जगाच्या आधीपासूनची सवय, सामायिकाच्या ध्यानाला बसताना मुहपत्ती बांधल्याशिवाय बसत नाहीत. गादीवर मात्र ती चालत नाही. तीन तास पारस बोलत होता, पदर उलगडत होता, नवरीच्या आईच्या खांद्यावर शालू टाकून दाखवत होता. संध्याकाळी तपासणीचा निकाल आला.

"निकाल आला तेव्हाच खोडदला फोन करायला पाहिजे होता," हर्षा म्हणाली. "विपुलभाऊंनी खाली बोलावलं नसतं तर…"

"सारखं यांच्यावर का? रिपोर्ट नव्हता आलेला तेव्हा. सगळे तसंच करत होते, भाभी. अख्ख्या पेठेची मागची दारं उघडी होती."

"मागच्या दाराबद्दल मी कधी बोलले? मी तापाबद्दल बोलतेय."

रिंकूनं गाळणं ठेवलं आणि जवळ येऊन बसली. "तुमच्या पाया पडते. हे बाहेर काढू नका. लोक भैयांना काय म्हणतील? ताप अंगात घेऊन सतरा जणांत बसला. नवरीच्या आई बयाबाई गेल्या त्यातल्या. केस करतील. उद्या दुकानात कोण पाय ठेवील? माझी पोरं लहान आहेत. तुमचीसुद्धा लेक आहे, दहावीला आहे, तिला कुणी विचारलं तर?"

आजवर जिनं आपली बाजू घेतली तिच्या तोंडून हे ऐकताना हर्षाला राग आला नाही. वाईट वाटलं, आणि आपण एकट्या आहोत हे कळलं.

"मी चौकात बसणार नाही," ती म्हणाली. "एवढं सांग त्यांना."

* * *

दहाच्या सुमाराला रखमाजी आला. मुलगा सुदर्शन, खोडदच्या दुर्बिणीवर नोकरीला असलेला, त्याला दारात सोडून गाडी लावायला गेला होता. रखमाजीनं जिना चढताना दोनदा दम खाल्ला. त्यालाही कोरोना होऊन गेला होता, आणि त्यातून उठलेली माणसं अशीच चढतात.

पोपटलाल झोपाळ्यावर बसले होते. दोन वर्षांपूर्वी उजवा हात लुळा पडल्यापासून गादीवर बसणं सुटलं होतं, पण अजून घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. रखमाजीला बघितल्यावर त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. बयाबाईच्या दहाव्याला विपुल एकटाच खोडदला जाऊन आला होता. आपण गेलो नव्हतो, तब्येतीचं निमित्त सांगितलं होतं.

"ये रखमा. बस. विपुल, पाणी आण."

"पाणी नगं, शेठ. आधी काम." रखमाजी खाली सतरंजीवरच बसला. खुर्ची पुढं केली तरी बसला नाही. "आज तुमच्यात माफी मागायचा दिस असतो ना? म्हणून आजच आलो. आमच्यात असं कायी न्हाई, पण म्हणलं तुमच्या दिवशी तुमच्या रीतीनं मागावी."

"कसली माफी?" पोपटलाल म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच नीट ऐकू आला नाही.

"आता कसली म्हणून काय इचारता? माझ्या पोरीच्या बस्त्यानं तुमचा कर्ता पोरगा नेला. तुमी दार उघडलं, आमच्या गरजेला उघडलं, कायदा मोडून. अन् आमी काय दिलं? त्यो गेणू खोकत व्हता. मला कळायला पायजे व्हतं, त्याला बाहीर बसवायला पायजे व्हतं. चार म्हयने झाले, मी त्याच्याशी बोललो न्हाई. सख्खा मेव्हणा हाये. त्याच्या दारावनं जातो, मान वर करीत न्हाई. बया दवाखान्यात व्हती तवा भयनीला बघायला आला, मी त्याला फाटकातून परत लावला. भावाची भेट न घेता गेली ती."

विपुल पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभा राहिला होता. बापाकडे बघत होता.

त्या नजरेचा अर्थ पोपटलालनाच कळत होता, दुसऱ्या कुणाला नाही. एप्रिलच्या त्या सकाळी विपुल म्हणाला होता, बाबूजी, भैयाला ताप आहे, मी उलगडतो ना साडी, काय फरक पडतो? आणि ते म्हणाले होते, रखमाच्या घरचा बस्ता आहे, पहिली साडी थोरल्याच्याच हातची, नाहीतर उद्या म्हणतील दुकानानं रिवाज मोडला. बोलव त्याला खाली, गोळी घेऊन येऊ दे. विपुलनं निरोप दिला. चार महिने हर्षाचा राग त्यानं स्वतःवर घेतला आणि बापाचं नाव एकदाही काढलं नाही. या पोराला आपण आयुष्यभर वरवरचा समजत आलो. त्याचं हे वागणं बघून त्यांना त्याचा आधारही वाटायचा आणि त्याच्यासमोर बसायची लाजही वाटायची.

आत्ता सांगता आलं असतं. रखमा, गेणूनं काही केलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण घराण्यानं चौऱ्याहत्तर वर्षं ज्या गादीची इज्जत सांभाळली ती एका वाक्यात घालवायची, आणि गेलेल्या पोराच्या तोंडाला काळं फासायचं, हे त्यांच्यानं होईना. ते डावा हात उजव्याला जोडून म्हणाले, "झालं ते झालं, रखमा. आमच्याकडून माफ आहे."

विपुलनं मान खाली घातली. विपुलसारख्या माणसालासुद्धा ते ऐकवलं नाही.

* * *

स्वयंपाकघराच्या दारात हर्षा उभी होती. रिंकूनं तिचा हात धरला होता, तो तिनं सोडवला. रखमाजीनं तिला बघितलं आणि तो गुडघ्यावर उठला.

"वैनी, शेठनी तर माफ केलं. तुमी बी करा. बयाला तुमी तवाच केलं व्हतं, फोनवर. माझंच तेवढं ऱ्हायलंय."

हर्षाला आठ दिवसांच्या उपासानं दारं-खिडक्या हलल्यासारख्या दिसत होत्या. तिनं चौकटीला धरलं.

"उठा, रखमाजीभाऊ," ती म्हणाली. "तुम्ही काहीच केलं नाही. गेणूभाऊंनीही नाही."

"भाभी, तुम्हाला चक्कर येतेय, आधी पारणं करून घ्या," विपुल पुढं झाला.

"नंतर करते. तुम्ही बाजूला व्हा." आणि मग तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही, दिवसावारी सांगितलं. "बस्ता सोमवारी झाला. यांना ताप शनिवारी आला. रविवारी तपासणीला नमुना दिला. सोमवारी सकाळी एकशे दोन ताप होता. गोळी मी दिली, कपडे मी काढून दिले. तुमच्याकडून काही आलं नाही आमच्या घरात. आमच्याकडून गेलं. बयाबाईंच्या खांद्यावर शालू टाकताना ते त्यांच्या तोंडाशी वाकून बोलत होते, मी जिन्यातून बघितलं. संध्याकाळी निकाल आला. तेव्हा तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही वेगळे राहिला असता, लवकर तपासलं असतं. नाही कळवलं."

खाली रस्त्यावर ध्वनिक्षेपकाची गाडी फिरत होती, मास्क लावा, चार वाजता दुकानं बंद करा, कुणीतरी त्या गाडीवाल्याला शिवी दिली ती वरपर्यंत ऐकू आली.

रखमाजी तसाच गुडघ्यावर होता. त्यानं पोपटलालकडे पाहिलं. पोपटलाल सतरंजीकडे बघत होते.

"खाली कुणी बोलिवलं व्हतं पारसशेठला?" त्यानं विचारलं. "तापात व्हते म्हंता. मग कुणाचा निरोप?"

झोपाळ्याची कडी कुरकुरली. पोपटलालनी विपुलकडे पाहिलं.

"माझा," विपुल म्हणाला. "मी बोलावलं."

"कशापायी?"

"पहिली साडी भैयानं उलगडायची म्हणून. तुमच्याकडचा रिवाज होता."

"आमचा रिवाज," रखमाजी म्हणाला. "वृषालीनं तर फोनवर फोटो पाठवा म्हणलं व्हतं. त्यातली एक घेती म्हणली, बस्ता नगंच. मीच म्हणलो, आपल्या घरात असं न्हाई व्हत." मग विपुलकडे न बघताच म्हणाला, "अन् माझ्या दारात दहाव्याला येऊन बसलास तू. मी तुझ्या पायावर डोकं ठेवलं तवा. तू मला उठवून मिठी मारली. म्हणला, गेणूकाकांना कायी बोलू नका, त्यांना काय ठावं व्हतं. म्हंजी गेणूचं नाव तूच पक्कं केलं की रे."

विपुलनं हातातला तांब्या खाली ठेवला. बापाच्या वाटणीचं तो घेऊ शकत होता, पण हे त्याचं स्वतःचंच होतं.

रिंकू रडायला लागली होती. रडता रडताच म्हणाली, "रखमाजीभाऊ, आमचाही माणूस गेला ना यात. आम्ही मुद्दाम केलं का?"

"न्हाई बाई," तो म्हणाला. "मुद्दाम कुणी केलं म्हणतोय मी? सगळी पेठच मागल्या दारानं चालली व्हती. मीच म्हणत व्हतो, कुठाय इषाणू, नुसतं भ्या दाखिवत्यात." तो हाताच्या आधारानं उठला. "पर नंतर? रोगानं मारलं ते मारलं. पर नंतरचं तुमी केलं."

हर्षा पुढे आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्याच्यासमोर दोन्ही हात जोडले. आठ दिवस उपाशी राहून, काल तीन तास प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लाख योनींची माफी मागून झाली होती. ती सगळी मागून झाल्यावर हीच एक उरली होती, आणि हिच्यासाठीच आपण उपास धरला होता हे तिला आत्ता कळत होतं.

"मिच्छामि दुक्कडम्, रखमाजीभाऊ. माफ करा मला."

त्यानं तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर, तो असता तर बरं झालं असतं.

"एक इचारतो, वैनी. खरं सांगा. पारसशेठ गेल्यावर दुसऱ्या दिवशी बयानं दवाखान्यातनं फोन केला तुमाला. नळी लावलेली व्हती तिला, बोलवत नव्हतं. म्या मोबाइल धरला व्हता कानाला. ती म्हणली, शेठाणी, आमच्यामुळं झालं, माझ्या पोरीमुळं तुमचं कुकू गेलं. तवा तुमी काय म्हणला व्हता?"

हर्षाला ते आठवत होतं. दुपारची वेळ होती, घरात कुणी येऊ शकत नव्हतं, अंत्यदर्शनसुद्धा मोबाइलवर झालं होतं. आणि एक बाई पलीकडून रडत म्हणत होती की चूक आमची. तो एक क्षण तिला बरं वाटलं होतं. आपण दिलेली गोळी, काढून ठेवलेला झब्बा, सगळं त्या बाईनं एका वाक्यात स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. हर्षानं तिला ते घेऊ दिलं.

"असू द्या, म्हणाले," ती म्हणाली. "एवढंच म्हणाले. असू द्या."

"हां. त्येच." रखमाजीनं खिशातून मास्क काढला. "त्यापुढं आठ दिस जगली ती. बेडवर पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला सांगायची, शेठाणीचं मन बघा केवढं, एका शब्दात माफ केलं मला. मरेस्तवर तुमचे उपकार मानीत व्हती, वैनी."

तो जिन्याकडे वळला. पोपटलालनी मागून "रखमा" अशी हाक मारली. तो थांबला नाही. हर्षाचे हात जोडलेलेच राहिले, आणि खाली सुदर्शन बापाला विचारताना ऐकू आला, "झालं का आबा, मन मोकळं?"